हळदीची नऊ फडकी

रविवार, १० फेब्रुवारी १९६३

इंद्रभानदादास,

तीन तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तिन्ही बंदुका रिकाम्या आहेत आणि मी त्या स्वतः पाहिल्या आहेत. ते चूक आहे. दुनळी मी मोडून पाहिली. आखूड ठासणीची गज घालून पाहिली. लांब ठासणीची मी पाहिली नव्हती. ती रिकामी नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे, तेव्हा ते लिहीत नाही.

काल तुझ्याकडे इंदूरला यायचं सामान बांधायला घेतलं. बंदुकांना खोळी शिवून झाल्या होत्या. लांब बंदूक खोळीत जाईना, कारण तिच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याचा गठ्ठा फार जाड झाला होता. आपल्या घरची रीत तुला आठवत असेल. दसऱ्याची पूजा झाली की ठासणीच्या तोंडाला हळदीचं फडकं बांधायचं आणि पुढच्या दसऱ्याला जुनं सोडून नवं बांधायचं. आखूड बंदुकीचं जुनं फडकं दर वर्षी सुटतं. लांब बंदुकीचं आबा सोडू देत नसत. त्यावरच नवं बांधत, तेही स्वतःच्या हाताने. मोठ्या आबांची, आजोबांची बंदूक म्हणून असेल, असं आम्ही समजत होतो. देवाजवळच्या वस्तूचं फडकं कोण सोडणार? मी परवान्याच्या अर्जासोबतची यादी केली तेव्हाही ते सोडलं नाही, आणि "रिकामी" असं लिहून मोकळी झाले.

काल सोडलं. एकाखाली एक, हळदीची नऊ फडकी निघाली. नवव्याखाली आणखी एक होतं. ते हळदीचं नव्हतं. धोतराची फाडलेली किनार होती, घट्ट गाठ मारलेली.

मग मी गज घातला. गजावर रिकाम्याची खाच आहे. नळी रिकामी असली की ती खाच तोंडाला येऊन टेकते. आबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, "बंदुकीले इचारू नको, गजाले इचार." खाच तोंडाच्या वर राहिली, तीनचार बोटं. मी गज बाहेर काढला, पुन्हा घातला. पुन्हा तेवढीच.

बार पेटवणारी टोपी लावलेली नाही, ते मी आधी पाहिलं. घोडा खाली आहे. तरी मी गज धरून अशी उभी राहिले की झुंबरआत्यानं माझ्याकडे बघूनच परात खाली ठेवली. मी सांगितलं. आत्या चुलीकडे बघे, भिंतीकडे बघे. बंदूक आजवर स्वयंपाकघराच्याच भिंतीला, देवळीखाली उभी असे.

"नऊ वर्सं मी हिच्याजोळ भाकरी थापल्या," ती म्हणाली. "ठिनग्या उडतात चुलीच्या. मले काऊन नाई सांगतलं वं कोनी?"

"मलाही ठाऊक नव्हतं आत्या."

"तुले नसन. तुह्या बापाले व्हतं का?"

ते मी अजून विचारलेलं नाही.

आता यादीचं. नवा कायदा गेल्या ऑक्टोबरापासून लागू झाला. आबांचा परवाना महाराष्ट्रापुरता आहे. इंदूरला न्यायच्या तर बुलढाण्याच्या कचेरीतून परवान्यावर तसा शेरा घ्यायला हवा, आणि प्रवासात परवानेदार स्वतः सोबत हवा. बंदुका रिकाम्या, खोळीत, बांधलेल्या. काडतुसं वेगळी. दारू गाडीत न्यायचीच नाही, ती इथेच ठाण्यात जमा करायची. हे सगळं मी समजून घेतलं, लिहून काढलं, आणि त्या कागदावर तिसऱ्या ओळीत खोटं लिहिलं. खाली आबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, कारण उजवा हात कार्तिकापासून उचलत नाही. ठसा मीच धरून उमटवला.

तो कागद आठ दिवसांपूर्वी बुलढाण्याला गेला.

तुझी,
द्वारका


शनिवार, १६ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. माझं पत्र पोचायला चार दिवस, तुझं यायला चार, हे मला कळतं. तरी पोस्टमन दिसला की मी दारात उभी राहते.

आबांना विचारलं. जेवण भरवून झाल्यावर, आत्या विहिरीवर गेली तेव्हा. आबांचं बोलणं आता कळतं. जीभ जड आहे, पण शब्द लागतो.

"आबा, लांब बंदूक भरलेली आहे."

"रिकामी हाय."

"मी गज घातला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारपणात त्यांच्या एका डोळ्यातून सारखं पाणी येतं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही.

"फडकं काऊन सोडलं?"

"खोळीत जात नव्हतं."

"बांध परत," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी बांधलं नाही. बंदूक मी स्वयंपाकघरातून काढून मधल्या खोलीत नेली आहे. नेताना तोंड छताकडे धरलं होतं, आणि दहा पावलांच्या वाटेत मी तीनदा थांबले. आत्यानं त्या खोलीत जायचं सोडलं आहे. तिथली डाळीची कोठीसुद्धा मलाच उघडावी लागते. काल म्हणाली, "मोताळ्याले पोरीकडे मी आजच जातो बापा, तुमी निंगा तवा निंगा." गेली नाही. सकाळी उठून आबांचं अंग पुसत बसली होती.

मी आबांना म्हणून पाहिलं की तिन्ही बंदुका ठाण्यात जमा करू, तुम्ही आधी इंदूरला बरे व्हा. पहिल्यांदाच म्हटलं नाही, पौषातही म्हटलं होतं. तेच उत्तर आलं. "बंदुका सोडून मी येनार नाई." कारण सांगत नाहीत. आधी मला वाटायचं, हट्ट आहे. आता वाटतं, दुसऱ्या कोणी त्या बंदुकीत गज घालू नये, एवढंच त्यांना हवं असेल.

हे मी लिहायला नको होतं. पण लिहिलेलं खोडायचं नाही असं ठरवलं आहे.

द्वारका


गुरुवार, २१ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आज आलं. "त्या दिवशी ती भरलेली होती का? एवढंच कळव. बाकी नंतर." दोनच ओळी. मी ते कार्ड दिवसभर पदराला बांधून फिरले.

तू असं विचारणार हे मला दहा तारखेलाच कळायला हवं होतं. कदाचित कळलं असेल, म्हणूनच मी त्या पत्रात फडक्यांचं इतकं लांबण लावलं.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. चौपन्न सालच्या वैशाखात तू पुष्पावहिनीशी लग्न करतो म्हणालास. माळ्याची पोर, बाजारात वांगी विकायला बसते, हे आबांचे शब्द. ते हीच बंदूक घेऊन ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि तू पाठ फिरवून गेलास तो गेलासच. नऊ वर्षांत तू आबांना एक अक्षर लिहिलं नाहीस. जानेवारीत मी तुला सगळं कळवलं, आबांचं अर्धांग, शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिल्याचं, इथे औषध नाही हे. तेव्हा तू विचारलं होतंस की बंदूक रोखणाऱ्याला मी माझ्या दोन लेकरांच्या घरात कसा आणू? त्यावर मी लिहिलं, "दादा, ती रिकामी होती. बंदुका मीच पुसत असे, मला ठाऊक आहे. आबांनी नुसती भीती घातली." आणि मग तू "घेऊन ये" असं लिहिलंस.

त्या एका वाक्यावर तू दार उघडलं आहेस. आता ते वाक्य मी कसं धरू?

त्या दिवशी भरलेली होती का, याचं उत्तर आबांकडून घ्यावं लागेल. मला थोडे दिवस दे.

मंगळवारी ठाण्यात गेले होते. यादी दुरुस्त करायची म्हणून. जमादार रंगराव आपल्याकडे बंदुकांच्या पाहणीला आले होते, जाड मिशांचे, ते. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"काय म्हंता? भरेल हाय?"

"हो."

"तुमी लिवलं रिकामी."

"मी चूक लिहिलं. तेच सांगायला आले."

त्यांनी दाराशी उभ्या शिपायाला पाणी आणायला पाठवलं आणि आवाज खाली केला. "अन् खाली मी काय लिवलं ते वाचलं ना? समक्ष पाहिली, असं लिवलं मी. देवळीखाली उभी व्हती, हळदीचं फडकं व्हतं, कुंकू व्हतं. मी हात जोडले. आता साह्यबाले काय सांगू, पाहिली नाई, पाया पडलो म्हनून?"

मला हसू आलं नाही. आता लिहिताना थोडं येतं आहे.

मग ते फार गोड बोलायला लागले. "पाहा बाई, पंधरा-वीस दिवसांत होळी येते. गावात धा बार निंगतात, अकरावा निंगन. कोन मोजते? तुमची बंदूक रिकामी, तुमचा कागद खरा, माहा शेराबी खरा. आबा सुखानं इंदूरले."

खरं सांगते, मला ते पटलं. उठेपर्यंत पटलं होतं. मग मनात आलं की नऊ वर्षांचा बार आहे, नळीला आतून काय गंज धरला असेल कोण जाणे, ती फुटली तर चाप ओढणाऱ्याचा हात जाईल. आबांचा हात चालत नाही, म्हणजे तो हात कोणा दुसऱ्याचा, गावातल्या कोणाचा तरी असेल. आणि बार निघाला तरी ज्या दिवशी मी "रिकामी" लिहिलं त्या दिवशी ती रिकामी नव्हतीच. मी त्यांना असं म्हणाले.

रंगराव म्हणाले, "तुमाले आबानं घरीच शिकोलं म्हंतात, शायेत धाडलं नाई."

"चौथीपर्यंत घरीच."

"तरीच. शायेत गेल्या असत्या तं थोडी लबाडी शिकल्या असत्या." मग कपाळ पुसून म्हणाले, "आता तुमी सांगतलं. आता मले ऐकू आलं नाई असं कसं करू? पन ती बंदूक घरातून हालवू नका. एक पाऊलबी. मी इचार करतो."

चीनची लढाई झाल्यापासून स्टेशनावर सामान उघडून बघतात म्हणे. अकोल्याला गाडीत बसताना त्यांनी खोळ उघडली असती तर? खंडव्याला उघडली असती तर? डब्यात, माणसांत, कोणाच्या विडीजवळ ही बंदूक आम्ही नेणार होतो, आणि शेजारी आबा, ज्यांना ती भरलेली आहे हे ठाऊक होतं. हे मी कितीदा मनात बघितलं ते सांगत नाही.

द्वारका


बुधवार, २७ फेब्रुवारी

दादा,

आबा बोलले.

तुझं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. दाखवायचं नव्हतं. पण काल दुपारी त्यांनीच विचारलं, "इंदूरचं काय आलं?" आणि मला दुसरं काही सांगता येईना. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. दोनच ओळी, किती वेळ लागतो.

मग जे बोलले ते मी आज बसून जसंच्या तसं लिहिते आहे. मध्ये खूप थांबत होते, ते थांबणं लिहिता येत नाही.

"भरेल व्हती."

"त्या दिवशी?"

"त्याच दिवशी भरली. सकाळी."

"टोपी?"

"टोपी खिशात व्हती. कोपरीच्या. तो म्हने, मारा. पोट्टा माह्या डोळ्यात पाहून म्हने, मारा. अन् माहा हात खिशात गेला."

आत्या दाराशी होती. तिनं तोंडात पदर घातला.

"हात गेला व्हता," आबा म्हणाले. "बोटाले टोपी लागली व्हती. मंग तो पाठमोरा झाला. झाला नसता तं... मले माहीत नाई. मी लई इचार केला. मले माहीत नाई."

"मग नंतर रिकामी का केली नाही?"

"काढतानी दिसलं असतं ना घरात, का भरेल व्हती. तुह्या मायले दिसलं असतं." आई तेव्हा होती. "मी सांगतलं व्हतं तिले, खाली व्हती म्हनून. रोज रडे ते. म्हने, देवाची आन घ्या. घेतली मी."

म्हणजे आई गेली ती आबांनी देवाची शपथ घेऊन सांगितलेलं खरं मानून गेली. आणि धोतराची किनार त्याच दुपारची. तू वेशीपर्यंत पोचला नसशील, तेव्हा त्यांनी स्वतःचं धोतर फाडून बंदुकीचं तोंड बांधलं. मग दसरा आला, हळदीचं फडकं आलं, आणि देवाजवळच्या वस्तूला कोणी हात लावीना.

"लिव त्याले," आबा म्हणाले.

"काय लिहू?"

"हात खिशात गेला व्हता, ते लिव."

"आबा, त्यानं घरात घेतलं नाही तर?"

"नाई घेतलं तं नाई. त्याचं घर हाय."

दादा, मी लिहिलं. दुसरं कोणी असतं तर त्यात काहीतरी कमी केलं असतं. मी नाही केलं. पण पत्र पेटीत टाकताना हात मागे आला, हे खरं आहे. आत्यानं माझ्या हातातून घेऊन टाकावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडे काय पायतं? तुह्यं पत्र हाय." मग मीच टाकलं.

(हा शेवटचा परिच्छेद पत्र टाकण्याआधीच लिहिला आहे. तसंच होईल म्हणून लिहून ठेवला. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की हेही खोटंच झालं. खोडत नाही, कारण खोडायचं नाही असं ठरवलं होतं. पेटीशी काय होतं ते पुढच्या वेळी खरं लिहीन.)

द्वारका


रविवार, ३ मार्च

दादा,

पेटीशी काही झालं नाही. मी एकटीच गेले होते. टाकलं आणि आले. मागचा परिच्छेद मी का रचला ते मला आता कळलं आहे, आणि ते सांगायलाच हे पत्र आहे. मी बारीकसारीक चुका कबूल करते म्हणजे मोठी कोणी विचारू नये.

दहा तारखेच्या पत्रात मी "तीनचार बोटं" असं लिहिलं. तीनचार नव्हती. चार होती, नीट मोजलेली चार. नुसत्या दारूचा आणि काथ्याचा बार तीन बोटं भरतो, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. चौथं बोट गोळीचं असतं. मी तीन आणि चार एकत्र लिहिलं, कारण तू नुसता बार समजावंस अशी माझी इच्छा होती.

आणि दुसरं. जानेवारीत मी तुला लिहिलं, "ती रिकामी होती, मला ठाऊक आहे." ते चुकून लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पाटी घेऊन बसले होते. आबांनी मला आकडे शिकवले ते परवान्यावरच्या नंबरांवरून, आणि मी तेच गिरवत होते. अकरा वर्षांची होते, वाचता सगळं येत होतं, पण ते नंबर मला आवडत. आबा आतून बंदूक घेऊन आले. म्हणाले, "द्वारका, बटवा आन." दारूचा बटवा कुठे असतो ते घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. तुलाही नाही, आईलाही नाही. मला त्याचा फार अभिमान होता. मी धावत गेले. आणून दिला. विचारलं, "वानरं आली का मळ्यात?" त्यांनी उत्तर दिलं नाही. गज मी धरला होता. दारू घातली तेव्हा, काथ्या ठासला तेव्हा, गोळी सरकवली तेव्हा, मी तिथे होते. गोळी त्यांच्या तळहातावर होती आणि मी तिच्याकडे बघत होते. मग मला त्यांनी मागे गोठ्यात पाठवलं, आणि तू शेतातून आलास.

मला वाटत राहिलं की वानरांसाठीच भरली होती. नंतर वाटत राहिलं की भरलीच नव्हती, मी दुसऱ्या कुठल्या दिवसाचं आठवते आहे. एवढ्या वर्षांत मी ते इतक्यांदा बदललं की जानेवारीत तुला लिहिताना हातसुद्धा थबकला नाही. पण यादी करताना मी ते फडकं सोडलं नाही ना, ते देवाच्या भीतीनं नव्हे. गज काय सांगेल ते मला ठाऊक होतं.

तुझा राग आबांवर होता. त्यातला माझ्या वाट्याचा तू कधी धरला नाहीस, कारण तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

रंगराव परवा घरी आले. विचार करून आले होते. म्हणाले, "मी साह्यबाले सांगतलं. पाहिली नाई, पाया पडलो, असंच सांगतलं. साह्यब हसले. मंग हासनं थांबोलं अन् म्हने, पंचनामा करा." दुरुस्तीचा अर्ज मी त्यांच्यासमोर लिहिला. पंच म्हणून भगवानराव सरपंच आणि शाळेचे मास्तर यायचे आहेत. बंदूक हलवायची नाही, इथेच, मागच्या अंगणात, पंचांसमोर रिकामी करायची. जे निघेल ते पुडीत बांधून मोहोर लावून बुलढाण्याला जाईल. मग शेरा मिळेल किंवा खटला होईल. "ते बुलढान्याच्या हातात हाय बाई," रंगराव म्हणाले, "माह्या हातात नुस्ता कागद." बारा तारखेची तिकिटं काढायची होती. मी काढलेली नाहीत.

मग प्रश्न आला, काढणार कोण. रंगरावांनी सरकारी रायफल हाताळली आहे, ठासणीची कधी नाही. त्यांनी बंदूक लांबूनच पाहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून. आबा खाटेवरून म्हणाले, "द्वारकाले येते." रंगराव माझ्याकडे वळले. "येते?" मी हो म्हणाले. आत्या आतून म्हणाली, "पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून, बोटं तं राहू द्या तिची."

मला येतं. आबांनीच शिकवलं आहे. टोपी बसते त्या भोकातून कोमट पाणी सोडायचं, थोडं थोडं, दारू पूर्ण भिजेपर्यंत. मग रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी गजाच्या टोकाला पेच लावायचा, काथ्यात फिरवायचा आणि हळूहळू ओढायचा. तोंडासमोर उभं राहायचं नाही. ओढताना हात बाजूने धरायचा. एवढंच आहे. पण नऊ वर्षांत काथ्या नळीला चिकटला असेल, पेच सुटेल, पाणी सगळीकडे पोचलं नसेल, गंजावर लोखंड घासेल, हे सगळं मी डोळे मिटले की दिसतं. आबा मला सारखं विचारतात, "पानी किती सोडशीन?" मी सांगते. पुन्हा विचारतात. पहिल्यांदाच मला ते भ्यालेले दिसले.

तू मला काही लिहायला बांधलेला नाहीस. आबांना घेणार नसलास तर मी समजेन. मग आम्ही इथेच राहू. औषध मेहकरहून आणत जाईन, आणि बंदुका ठाण्यात जमा करीन, आबा काही म्हणोत. घेणार असलास तर हे सगळं माहीत असून घे. माझ्या जानेवारीच्या वाक्यावर घेऊ नकोस, ते वाक्य मी परत घेते.

आबांचा एक निरोप आहे. तो मी आधी लिहिणार नव्हते, कारण तुला त्यांची दया यावी म्हणून लिहिला असं वाटू नये. ते म्हणाले, "त्याले म्हना, टोपी मी त्याच दिवशी विहिरीत टाकली." खरं की नाही ते मला ठाऊक नाही. विहीर खोल आहे.

हे पत्र आज टाकते. तुला ते गुरुवारी मिळेल. त्याच दिवशी संध्याकाळी मी नळीत पाणी सोडीन, आणि शुक्रवारी, आठ मार्चला, सकाळी नऊ वाजता पंच जमले की ती गोळी बाहेर काढीन.

द्वारका